आईचे हिरवे गाल आणि माझी खुर्ची

तीर्थरूप दादा आणि वहिनी,

धाकट्याचा तुम्हा दोघांना साष्टांग नमस्कार. दादा, तुझा गुडघा आता कसा आहे? वहिनी, तुमचं रक्तदाब मोजायचं यंत्र दुरुस्त झालं का, की अजूनही घरातल्या प्रत्येकाचा रक्तदाब सारखाच दाखवतं? नव्या इमारतीची लिफ्ट चालू असेल अशी आशा आहे. इकडे आम्ही सगळे ठणठणीत आहोत. आई तर जरा जास्तच ठणठणीत आहे, आणि पत्र लिहायची वेळ आली ती त्यामुळेच.

फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. दादा, फोनवर मी बोलायला लागलो की तू फोन टेबलावर ठेवून आंघोळीला जातोस, हे मला कळलं आहे. (कुणाकडून कळलं ते सांगणार नाही. वहिनींकडे असं बघू नकोस.) आंघोळ आटोपून तू फोन उचलतोस, "अगदी बरोबर आहे तुझं" म्हणतोस आणि पुन्हा तोच प्रश्न विचारतोस, "मग गाडी कधी पाठवू?" मी तेच उत्तर देतो, "चित्र पुरं झालं की." हे चित्र इतके दिवस का पुरं होत नाही, ते आता सविस्तर कळवतो. पत्र हातात घेऊन आंघोळीला जाता येत नाही.

आपला ठराव तुला आठवत असेलच. तुझ्या नव्या घरी आपण सगळे जमलो होतो तेव्हा ठरलं की आईने यापुढे तुझ्याकडे राहायचं. तुझ्याकडे लिफ्ट आहे, सकाळचं ऊन येणारी रिकामी खोली आहे. आमच्याकडे तिसरा मजला आहे आणि मी आहे. ठरावाच्या बाजूने मीच बोललो आणि, खोटं कशाला बोलू, चांगला बोललो. शेवटी मी म्हणालो की आई जाईल, पण माझ्या घराची भिंत रिकामी राहणार नाही. तिचं रंगवलेलं चित्र तिथे राहील! तू टेबलावर थाप मारलीस. वहिनींनी डोळे पुसले. आईने चहा आणला. 'आई तुला, चित्र मला' हा ठराव एकमताने मंजूर झाला.

आता रंगवलेलंच चित्र का, फोटो का नाही? दादा, फोटोविषयी माझी मतं तुला ठाऊक आहेत, तरी पुन्हा सांगतो. आपल्याकडे आईचे फोटो किती आहेत? भरपूर. त्यांत आई कुठे आहे? कडेला! तुझ्या पदवीच्या फोटोत तिचा अर्धा चेहरा आहे. माझ्या पहिल्या सत्काराच्या फोटोत ती हार घेऊन उभ्या असलेल्या माणसाच्या मागे आहे, तिचा फक्त चष्मा दिसतो. सहलीच्या फोटोत ती मुळीच नाही, कारण सामान सांभाळत बसली होती. ज्या समाजात आईवर एवढ्या कविता होतात, त्या समाजाला आईला चौकटीच्या मधोमध उभं करायचं सुचू नये? याचा मला संताप आहे. खरा संताप आहे. म्हणून मी ठरवलं की चित्र मोठं हवं, आई मधोमध हवी आणि कडेला कुणीही नको.

तळमजल्यावर एक चित्रकार बाई राहायला आल्या आहेत. शाळेत चित्रकला शिकवतात, बोलतात फार कमी, आणि बिस्किटं पुड्यासकट संपवतात. त्यांच्या खोलीतली झाडं निळी, रस्ते तांबडे, आकाश मोहरीसारखं पिवळं आणि प्रत्येक वस्तूभोवती काजळ घातल्यासारखी जाड रेघ. मी ते पाहिलं आणि दारातूनच ओरडलो, "उत्तर-दृक्प्रत्ययवाद!" बाई दचकल्या आणि त्यांच्या हातून ब्रश पडला. (आमच्या मंडळींना वाटलं मी शिंकलो.) वहिनींसाठी थोडक्यात सांगतो. पूर्वी काही चित्रकार निघाले, त्यांनी डोळ्यांना जसा उजेड दिसतो तसा रंगवला. त्यांच्यामागून आलेल्यांनी म्हटलं, नुसत्या डोळ्यांवर कुठवर विसंबणार? मनाला दिसतं त्याचं काय? मग त्यांनी मनाला पटतील ते रंग भरले आणि लोकांच्या शिव्या खाल्ल्या. असल्या माणसांविषयी मला फार ओढ आहे. हे सगळं मी घरी नीट समजावून सांगितलं. बायकोने विचारलं, "पण आईंसारखं दिसेल ना?" मी म्हणालो, "आईसारखं दिसणं हे ध्येयच नाही!" आई बटाटे सोलत होती. म्हणाली, "मग मला कशाला बसवतोस? समोरच्या डॉक्टरांना बसव. त्यांना वेळ असतो."

तरी ती बसायला तयार झाली. पहिल्या दिवशी बाई ब्रश, रंग, चित्र टेकवायचा घडीचा चौपाया असं सगळं घेऊन वर आल्या आणि त्यांनी आईला साधा प्रश्न विचारला, "काकू, तुम्हाला कुठे बसायला आवडेल?"

दादा, आईचा चेहरा असा झाला की जणू तिला कुणी परदेशात जायचं का विचारलं. मग म्हणाली, "विचार करून सांगते." आणि तिने खरोखरच विचार केला! एक दिवस तिने स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून पाहिलं. मान हलवली, उठली. मग गॅलरीत बसली, तिथे वारा लागतो म्हणाली. मग शिवणाच्या यंत्रापाशी, मग पलंगाच्या कडेला. एके दिवशी तर जिन्याच्या दुसऱ्या वळणावर बसली आणि येणारेजाणारे तिला ओलांडून गेले. (त्यांपैकी दोघांनी तिला वर पोचवू का म्हणून विचारलं. ही बाई जिने माझ्यापेक्षा लवकर चढते.) प्रत्येक ठिकाणी चित्रकार बाई चौपाया घेऊन मुकाट्याने मागे. मी अस्वस्थ. मी आईला म्हणालो, "अगं, बसायचं म्हणजे बसायचं, त्यात एवढं निवडायचं काय?" ती म्हणाली, "तू सभेला जातोस तेव्हा मधली खुर्ची नसली तर परत येतोस ना?" हे एकदाच घडलं होतं आणि त्यामागे तत्त्व होतं, पण ते ऐकायला ती थांबली नाही.

अखेर तिने जागा सांगितली. बोट दाखवून म्हणाली, "तिथे." मी बोटाच्या दिशेने पाहिलं. माझी खुर्ची! दादा, तुला ती माहीत आहे. खिडकीजवळची, हातांची, जिच्या उजव्या हातावर माझ्या कोपराने लाकूड गुळगुळीत झालं आहे. माझं प्रत्येक भाषण त्या खुर्चीत जन्माला आलं. तिच्यात दुसरं कुणी बसत नाही. कधी कुणाला बंदी केली होती असं नाही, पण बसत नाही. आई शाल सारखी करून तिच्यात बसली, टेकली, आपले दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ठेवले, आणि तोंडातून नुसतं "हं" असा आवाज काढला. चित्रकार बाई म्हणाल्या, "हलू नका." आणि काम सुरू झालं.

तेव्हापासून मी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर आहे. स्टुलाला पाठ नाही, आणि पाठ नसलेल्या आसनावर माणूस जुलूमशाहीविरुद्ध फार काळ विचार करू शकत नाही. शेजारी कुकर. एक वाक्य असं जमून आलं होतं की सभागृह उठून उभं राहिलं असतं, तेवढ्यात शिट्टी झाली आणि बायको म्हणाली, "पाय वर घ्या, फरशी पुसते." शिवाय ब्रश पुसायला बाईंनी कागद मागितले, तर आईने माझ्या 'गुलामी आणि माणूस' या भाषणाची पानं उचलून दिली. मी हाय खाल्ली. आई म्हणाली, "तुझं पाठ आहे ना?" आता गुलामी नारिंगी आहे आणि माणूस जांभळा.

चित्र मात्र उठत गेलं. आईचे केस जांभळे. भिंत नारिंगी. शाल अशी निळी की डोळे मिटले तरी दिसावी. चेहऱ्याभोवती गडद रेघ आणि गालांवर, दादा, हिरवा. कोवळ्या पानांसारखा हिरवा, आखूड आखूड फटकाऱ्यांनी. समोरचे डॉक्टर पाहायला आले आणि हळू आवाजात म्हणाले, "यकृत तपासून घ्या." बायको म्हणाली, "कुणाचं? आईंचं की चित्राचं?" मी डॉक्टरांना उंबऱ्यातच थांबवून रंग आणि सत्य यांचा संबंध समजावला. ते निघून गेले तरी मी बोलत होतो. आईला हिरव्याचं काही वाटलं नाही. ती रोज काम संपलं की चष्मा लावून चित्रापुढे उभी राही आणि काहीतरी खोट काढी. "काल मी हसत होते, आज नाही." "हा खांदा दमलेला दिसतोय, माझा दमलेला नाही." आणि बाई दुसऱ्या दिवशी तो खांदा खरवडून पुन्हा रंगवीत. गाल तर रोज पुन्हा रंगवावे लागत. सकाळी पाहावं तर फिस्कटलेले. माझी समजूत अशी की महान चित्रकार असेच असमाधानी असतात. त्या असमाधानावर मी एक टिपणही करून ठेवलं. (आणि हे आता लिहितो म्हणजे पुढे विसरायला नको: त्या दिवसांत आईच्या बोटाला हिरवा रंग असे, कपाच्या कानालाही लागलेला असे. मी समजलो पालेभाजी.)

मग तो दिवस आला, ज्याविषयी गावभर वेगवेगळ्या कथा चालू आहेत. खरी कथा माझ्याकडून ऐक. बाईंना शालीच्या आणि गाऊनच्या चुण्या रंगवायच्या होत्या. आई म्हणाली, "मी पाय मोकळे करून येते," आणि साडी नेसून गेली. चुण्या कुणाच्या? बायको म्हणाली, "माझ्याकडे बघू नका, माझं दूध तापतंय." उरलो मी. कलेसाठी माणसाने काय काय केलं आहे, हे मला माझ्याच एका भाषणातून ठाऊक होतं. मी आईचा निळा गाऊन सदऱ्यावरून चढवला, शाल घेतली, आणि बाई म्हणाल्या म्हणून चष्माही लावला. (चष्म्याची गरज चुण्यांना काय, हे मी तेव्हा विचारलं नाही. बाईंच्या तोंडाचा एक कोपरा हलला होता, एवढं खरं.) मी माझ्या खुर्चीत बसलो. कितीतरी दिवसांनी बसलो. आणि दारात व्याख्यानमालेचे अध्यक्ष, चिटणीस आणि एक सभासद!

तिघांनी आधी वाकून नमस्कार केला. अध्यक्ष म्हणाले, "आईसाहेब, तोफ घरात आहे का?" (बाहेर मला तोफ म्हणतात, हे मला त्या दिवशी कळलं. तुला ठाऊक होतं?) मी म्हणालो, "मीच." चिटणीस भिंतीला टेकले. आता माघार घेतली असती तर संपलो असतो. मी तसाच उठलो, शाल खांद्यावर टाकली आणि त्यांना सांगितलं की ज्या पुरुषाने आपल्या आईच्या जागी एकदाही बसून पाहिलं नाही, त्याने समतेवर बोलू नये! जोरात बोललो. सभासदाने टाळी वाजवली आणि मग इकडेतिकडे पाहून थांबवली. ते मला 'व्यक्तिस्वातंत्र्य' या विषयावर बोलवायला आले होते. मी होकार दिला. ते जिना उतरताना काय बोलत होते ते ऐकू आलं, पण लिहीत नाही.

एवढ्यात आई परतली. तिने मला पाहिलं, हसली नाही, चपला काढल्या आणि म्हणाली, "ऊठ माझ्या खुर्चीतून."

माझ्या खुर्चीतून! मी चित्रकार बाईंकडे पाहिलं. म्हटलं, बाई, आता तुम्हीच न्याय करा, हे चित्र आणखी किती दिवस? तेव्हा त्या मितभाषी बाईंनी आमच्या घरातलं आपलं सर्वांत लांब भाषण केलं. म्हणाल्या, "माझं चित्र कधीच झालंय. मी गेले की काकू ओल्या गालावर बोट फिरवतात. तैलरंग लवकर वाळत नाही, त्यांना ते कळलंय. मला बिस्किटं मिळतात, म्हणून मी काही बोलले नाही."

आई पदराआड हात लपवत होती. बायकोने दुधाखालचा गॅस बंद केला. मी अजून गाऊनमध्येच होतो. मी विचारलं, "आई, का?"

"चित्र झालं की गाडी येणार ना?" ती म्हणाली.

दादा, मी तिचा चष्मा काढला. मी म्हणालो, "अगं, मग त्या दिवशी दादाकडे बोलली का नाहीस?"

ती म्हणाली, "तू बोलत होतास."

एवढंच. त्यात राग नव्हता. हवा कशी आहे ते सांगावं तसं सांगितलं. मग स्वतःशीच म्हणाली, "छान बोलत होतास. मला वाटलं, संपेल तेव्हा सांगू. तेवढ्यात टाळ्या झाल्या, आणि चहा उतू चालला होता." आणि खुर्चीत जाऊन बसली. खिडकीतून खालचा शिंपी तिला हात करत होता. तिने हात केला. तो तिला रोज हात करतो म्हणे. मी इतकी वर्षं त्याच खिडकीत बसून मानवजातीला हाक घालतोय, मला तो शिंपी कधी दिसला नव्हता.

असो. भावनेच्या आहारी जाऊन निर्णय बदलणाऱ्यांतला मी नाही. ठराव झाला तो झाला. मंजूर झालेल्या ठरावाचा आदर राखला नाही तर समाज कोसळेल, हे मी अनेक व्यासपीठांवरून सांगितलं आहे. चित्र आता नक्की पुरं झालं आहे. तेव्हा येत्या रविवारी सकाळी गाडी पाठवावीस, ही विनंती. आम्ही तयार आहोत. वहिनींनी उन्हाची खोली आवरून ठेवली आहेच.

तुझ्या गुडघ्याला शेक देत जा. वहिनींना नमस्कार.

तुझा आज्ञाधारक धाकटा भाऊ
(बाहेर म्हणतात तसं, तोफ)

ता.क. गाडी मोठी पाठव आणि मागची आसनं काढून ठेवायला सांग. चित्र माझ्या छातीएवढं उंच आहे आणि अजून ओलं आहे, तेव्हा ते आडवं ठेवून न्यावं लागेल. त्या खोलीत ते शोभून दिसेल, पण थेट उन्हात लावू नका, हिरवा उडेल. होय, तू बरोबर वाचलंस. ठरावाला एक दुरुस्ती सुचवतो: 'चित्र तुला, आई इथे.' दुरुस्ती मांडण्यापूर्वी या वेळी मी आईला विचारलं आहे. विचारून गप्प बसलो. फार अवघड गेलं. तिने विचार करून सांगते म्हटलं आणि जेवणानंतर सांगितलं. तुझ्याकडे ती येईल, पण आपल्या मनाने, आपली पिशवी घेऊन, आणि परतायचा दिवस स्वतः ठरवून. तुला राग येईल. ये आणि भांड. पण भांडायच्या आधी तूही तिला विचार.

आणखी एक. वहिनी, चित्र पाहून 'हे काय' म्हणाल, तर म्हणा. मीही मनातल्या मनात म्हणालो होतो, फक्त मोठ्याने वेगळं बोलत राहिलो. पण दोन दिवस ते समोर राहू द्या. मला तर आता आईचे गाल हिरवे नाहीत याचंच नवल वाटतं.

आणि शेवटचं, खरं म्हणजे पत्र लिहायला बसलो ते यासाठीच. दादा, तुझ्या जुन्या घरातली ती हातांची खुर्ची तुम्ही टाकून दिली नसेल तर त्याच गाडीतून पाठव. 'व्यक्तिस्वातंत्र्य' जवळ आलं आहे आणि मी अजून स्टुलावर आहे. पाठ गेली.

(खाली आईला दोन ओळी लिहायच्या आहेत म्हणते. मी वाचणार नाही असं वचन दिलं आहे.)

चिरंजीव दादा आणि सूनबाई यांना आशीर्वाद. मी बरी आहे. गालावर एक ठसा राहिलाय तो माझ्या बोटाचा, रंगवालीने तो मुद्दाम ठेवलाय, पुसू नका. तुला मला बघावंसं वाटलं तर तिथे बोट लावून बघ, पण वाळल्यावर. खुर्ची मात्र पाठवू नकोस. स्टुलावर बसल्यापासून हा थोडक्यात बोलायला लागलाय.

— आई